एरचचा रस्ता उघडा होता

एका शहाण्या माणसाचं डोकं आता ठिकाणावर राहिलेलं नाही, हे मी एका वाक्यात साऱ्या कॉलनीला पटवून दिलं, आणि ज्याचं डोकं त्यालाही पटवून दिलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि देवासमोर हात जोडतो तेव्हासुद्धा मी या विषयाच्या कडेकडेने निघून जातो. तो माणूस म्हणजे माझे थोरले साडू. राणीसाहेबांना वगळून बोलायचं, तर झाशीवर इतकं निरपेक्ष, इतकं बारकाईचं आणि इतरांना इतका ताप देणारं प्रेम करणारा दुसरा मराठी माणूस झाला नसेल.

ते इथल्या सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, मी लष्कराच्या बांधकाम कार्यालयात कारकून. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, पण त्यांच्यात पंधरा वर्षांचं अंतर, त्यामुळे ते मला साडू कमी आणि सासरे जास्त वाटत. मी त्यांना दादा म्हणायचो. इथली मराठी माणसं म्हणजे बहुतेक बदलीवर आलेली: बबीन्याच्या छावणीतले फौजी, कारखान्यातले इंजिनिअर. सामान उतरवण्याआधीच ती एक वाक्य उच्चारतात, ‘इथे काहीच नाही हो.’ हे वाक्य दादांचा वैरी होतं. त्यांच्या कानावर ते गेलं, की बोलणाऱ्याचा पुढचा रविवार गेलाच म्हणून समजा. सकाळी साडेसहाला दारावर थाप. बाहेर दादा, डोक्यावर कानटोपी, खांद्याला शबनम, हातात लाकडी फूटपट्टी. ‘चला,’ ते म्हणत, ‘काहीच नाही ते बघून येऊ.’ दुपारी दोनला त्या माणसाला परत आणून सोडत तेव्हा त्याच्या पोटात सात प्रकारचं तळण, तोंडावर ऊन आणि मनात शहराविषयी एक प्रकारची भीती असे. पण ते वाक्य तो पुन्हा उच्चारत नसे.

फूटपट्टी कशाला, असं तुम्ही विचाराल. बडा बाज़ारातला एक हलवाईही विचारायचा. दादांनी कचोरी मधोमध मोडून तिच्या कडेला पट्टी लावली, की तो कढईवरून झारा उचलून म्हणे, ‘काए कक्का, खाबे आए कै मुआयना करबे?’ म्हणजे खायला आलात, की तपासणीला. दादा मान वर न करता सांगत, ‘भैया, पिछले मंगल से पापुद्रा मोटा हो गया है. ध्यान दो.’ हलवायाला पापुद्रा म्हणजे काय हे पंधरा वर्षांच्या सहवासाने कळलं होतं, आणि मी स्वतः पाहिलंय, पुढच्या मंगळवारी तो खरोखरच पातळ झाला होता. दादांचं ठाम मत होतं की शहर उभ्याने खावं. बसलं की त्याचं हॉटेल होतं. ताई, म्हणजे त्यांची बायको, होती तोवर दोघं ठेल्यापाशी उभी राहून एका वेळी दोन दोने, म्हणजे पानांचे द्रोण, घेत. ती गेल्यावरही ते दोनच मागत. एक स्वतः खात, दुसरा शेजारी जो कुणी उभा असेल त्याच्या हातात ठेवत. ‘घ्या, आमच्या घरून आहे,’ म्हणत. समोरचा माणूस गोंधळून का होईना, खायचा.

खाणं हा फक्त अर्धा संसार. उरलेला अर्धा सणवार, मेळे आणि गाणीबजावणी. पितृपक्षात बुंदेली मुली बोरीची काटेरी फांदी फुलांनी सजवून तिची मिरवणूक काढतात, तिला मामुलिया म्हणतात. दतिया गेटच्या गल्लीत त्या मिरवणुकीच्या मागून, हातात छत्री, तोंडाने त्यांचंच गाणं सातारी हेलात म्हणत, सत्तरीचा एक गृहस्थ चाललेला मी पाहिला आहे. मला ऑफिसातल्या साहेबाची गाडी येताना दिसली म्हणून मी चटकन एका बांगड्यांच्या दुकानात शिरलो. माझा स्वभाव तुम्हाला इथेच कळायला हरकत नाही. फागाच्या, म्हणजे होळीच्या गाण्यांच्या, बैठकीत दादा सगळ्यांत पुढे बसत आणि चुकीच्या जागी दाद देत. पण इतक्या मनापासून देत, की गवई ती जागा पुन्हा घेऊन ती बरोबर ठरवत.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे त्यांची यादी. दर शुक्रवारी मराठी मंडळाच्या फलकावर एक कागद लागे: ‘या आठवड्यात’. ड्राफ्ट्समनच्या उभ्या, कोरीव अक्षरात. कुठे काय आहे, किती वाजता, चपला कुठे काढायच्या, कुठलं दुकान टाळायचं. कोपऱ्यात नकाशा, त्यावर उत्तर दिशेचा बाण. एकदा कचोरीचा उभा छेद काढून त्यात ‘पोकळी’, ‘सारण’, ‘धोका’ अशी नावं दिली होती. कुणीतरी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचं आणि बबीन्यापर्यंत माणसं रविवारचा बेत त्यावरून ठरवायची. यादीचा नियम एकच होता: स्वतः बघितल्याशिवाय लिहायचं नाही. मेळा किल्ल्याजवळ असो की शहराबाहेर, दादा आदल्या दिवशी जाऊन खांब रोवलेत का हे पाहून येत. अकरा वर्षांत त्या कागदावर एक चूक झाली नाही. त्यांना दुसरा कसलाच अभिमान नव्हता. तेवढा एक होता.

एकच गोष्ट त्यांची बघायची राहिली होती. एरचची होळी. गाव आणि पूल पाहिलेले, होळी नाही. होळीचा उगम एरचला झाला असं इकडे सगळे मानतात. बेतवेच्या काठचं जुनं गाव, तिथे त्या दिवशी फाग रंगतो. ताई आणि ते जाणार होते, तर तिचं आजारपण निघालं. मग मोतीबिंदूनंतर मुलाने स्कूटर बंद करवली, आणि होळीला परतीची बस मिळत नाही. गाडी माझ्याकडे. दर वर्षी फाल्गुन लागला की ते विचारत, ‘साडूभाऊ, यंदा एरच?’ दर वर्षी मी हो म्हणे. मग एका वर्षी ब्रेक, एका वर्षी कंबर, एका वर्षी ऑडिट. ते दर वर्षी म्हणत, ‘असू द्या, होळी काही एरच सोडून जात नाही.’

त्या वर्षी सणाच्या दोन दिवस आधी, दुपारी ते आले. टोपी, पाण्याची बाटली, वहीत वाटेचा नकाशा काढलेला. ‘परवा सकाळी सहाला निघू. मोंठला चहा. नऊला एरच.’ मी सोफ्यावर आडवा होतो. चार दिवसांची सुट्टी लागून आली होती आणि मला झोपायचं होतं. यापेक्षा मोठं कारण असतं तर बरं झालं असतं, मी बरंच शोधलं. नाही सापडलं. फोनवरून नजर न काढता मी म्हणालो, ‘एरचचा रस्ता बंद आहे, दादा. बेतवेच्या पुलाचं काम काढलंय. आमच्या ऑफिसात कळलंय तसं.’

‘असं? ऐन होळीत?’

‘सरकारी काम. त्यांना कुठली होळी.’

त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, ‘यादीत लिहायला हवं. माणसं उगाच हेलपाटा घालतील.’

मी सोफ्यावर उठून बसलो. ‘तुम्ही बघितल्याशिवाय लिहीत नाही ना?’ मी म्हटलं.

‘तुम्ही सांगितलंत म्हणजे मी बघितल्यासारखंच की,’ ते म्हणाले, आणि पेन मागितलं. माझ्याच टेबलावर बसून त्यांनी पुलाचा छेद काढला, कमानी मोजून, आणि त्यावर लाल फुली मारली. खाली लिहिलं, ‘एरच मार्ग बंद. यंदा जाऊ नये.’ मी त्यांना चहा करून दिला.

कॉलनीतल्या एका दंतवैद्याला मराठी वाचायचा कंटाळा. त्याने यादी न बघताच गाडी काढली आणि एरचहून भरपूर फोटो टाकले. गुलाल, ढोलक, बेतवा, पूल. पुलावर धावत्या गाड्या. खाली लिहिलं, ‘मस्त मोकळा रस्ता!’ ग्रुपवर दोन-चार हसरे चेहरे आले. एकाने विचारलं, ‘काकाजी, ये कौनसा पूल बंद था?’ तरीही ते विरून गेलं असतं. पण बबीन्याच्या एका सुभेदारांची म्हातारी आई खास एरचसाठी गावाहून येऊन राहिली होती, आणि यादी वाचून ते घरीच बसले होते. ती आता परत गेली होती.

पाडव्याला मंडळाच्या हॉलमध्ये जेवण होतं. सुभेदार सज्जन माणूस. वाकून नमस्कार करून ते दादांना म्हणाले, ‘काकाजी, पूल चालूच होता म्हणे. आई फार हळहळली हो. म्हणाली, आता पुन्हा कुठलं येणं.’ बोलण्यात राग नव्हता. दादांनी श्रीखंडाची वाटी खाली ठेवली. त्यांचा चेहरा मी त्याआधी एकदाच तसा पाहिला होता, ताईच्या वेळी. त्यांनी हॉलभर नजर फिरवली, मी सापडलो, आणि त्यांना हायसं वाटलं. ते मला दिसलं. ‘साडूभाऊ,’ ते म्हणाले, ‘पुलाचं मला तुम्हीच सांगितलंत ना हो?’

वीस-पंचवीस माणसं माझ्याकडे बघत होती. बायको पुऱ्यांचं ताट घेऊन थांबली होती. मी म्हणालो, ‘मी? नाही दादा. तुम्हीच येऊन मला सांगितलंत, त्या दुपारी.’

हे ते वाक्य. मी ते मऊ आवाजात बोललो, आजाऱ्याशी बोलावं तसं. तो मऊपणा कुठून आला, मला माहीत नाही.

दादा म्हणाले, ‘असेल. असेल तसंच.’

घरी येताना बायको म्हणाली, ‘भावोजींचं हल्ली असंच होतंय का हो?’ मी म्हटलं, ‘वय झालं.’ आठवड्याभरात सगळ्यांना सगळं आठवायला लागलं. ते पट्टीने कचोरी मोजतात. पोरींच्या मागे गाणं म्हणत जातात. आणि बिचारे ताई गेल्याचंही विसरतात, अजून दोन दोने घेतात. ज्या गोष्टींवर आम्ही पंधरा वर्षं हसत होतो, त्याच आता एकमेकांना हळू आवाजात सांगू लागलो. शुक्रवारी फलक रिकामा राहिला. मी विचारलं तर म्हणाले, ‘आता माझ्यावर माझाच भरवसा नाही, साडूभाऊ. लोकांना कशाला वाट चुकवा.’ स्वयंपाकघरात त्यांनी त्याच सुंदर अक्षरात चिठ्ठी लावली होती, ‘गॅस बंद केला का? पुन्हा बघ.’ डॉक्टरांनी तपासून वयाच्या मानाने सगळं उत्तम असल्याचं सांगितलं. पुण्याहून आलेला मुलगा म्हणाला, ‘बाबा, डॉक्टर धीर द्यायला असं म्हणतात.’ मीही त्या खोलीत होतो.

श्रावणात त्यांनी पानांच्या द्रोणांत माती भरून गहू पेरले आणि पलंगाखाली अंधारात ठेवले. त्या पिवळ्या कोवळ्या रोपांना इथे कजलिया म्हणतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी त्या तलावावर धुवून माणसं एकमेकांना देतात, गळाभेट घेतात आणि वर्षभरातलं वैर, चूकभूल तिथे संपवतात. दादा त्या दिवशी यादी वाचणाऱ्या प्रत्येक घरी गेले. भर उन्हात, रिक्षाने बबीन्यालासुद्धा. सुभेदारांच्या हातात कजलिया ठेवून म्हणाले, ‘आईंना सांगा, माझं चुकलं.’ सुभेदार मला पुढे म्हणाले, ‘आम्हालाच लाज वाटली हो.’

सगळ्यात शेवटी ते माझ्याकडे आले. द्रोणात थोड्याच उरल्या होत्या. त्यांनी त्या माझ्या हातात दिल्या, दोन काड्या माझ्या कानामागे खोचल्या, मोठ्यांनी लहानांना खोचतात तशा, आणि म्हणाले, ‘त्या दिवशी सगळ्यांपुढे तुमचं नाव घेतलं. उगाच गोवलं तुम्हाला. मनात ठेवू नका.’

मी म्हणालो, ‘असू द्या, दादा.’

दसऱ्यानंतर मुलगा त्यांना घेऊन गेला. पुण्यात चौदाव्या मजल्यावर असतात. एकट्याने खाली जायला मनाई आहे. वाट चुकतील म्हणून. फूटपट्टी जाताना मला देऊन गेले. रविवारी त्यांचा फोन येतो. ‘या आठवड्यात काय आहे?’ मी बडा बाज़ारात जाऊन आलेलो असतो, ते सांगतो. हलवायाने विचारलं, कक्का कहाँ गए, तेही सांगतो. पापुद्रा पुन्हा मोटा झालाय, ते मात्र सांगत नाही. मध्येच ते थांबतात आणि हळूच विचारतात, ‘हे मी तुम्हाला आधी विचारलंय का हो?’ त्यांनी कधीच विचारलेलं नसतं.

गेल्या फाल्गुनात मी एकटा एरचला जाऊन आलो. पूल ओलांडताना कमानी मोजल्या. त्यांनी काढल्या होत्या तेवढ्याच होत्या.

कजलिया वाळून गेल्या, माझ्या टेबलाच्या खणात आहेत. हे सगळं मी त्यांच्याआधी तुम्हाला सांगितलं, हाही भित्रेपणाच. दादांना माझं एक वाक्य द्यायचं आहे: पुलाचं तुम्हाला मी सांगितलं होतं, तुमच्या डोक्याला काहीही झालेलं नाही. ते मी अजून दिलेलं नाही.