विजयदुर्गाच्या तटाखालून

आमच्या बेंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या बाजारात आज काथ्याच्या ओल्या दोरीचा वास आला आणि मी थेट विजयदुर्गाच्या धक्क्यावर पोचले.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. ह्यांच्या कारखान्यातली आम्ही मराठी कुटुंबं बेंगळुरूहून मुंबईला जाऊन आगबोटीनं कोकणच्या सहलीला निघालो होतो. बंदर आलं की पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, किनाऱ्यावर उतरायचं आणि गाइडच्या मागून किल्ला बघायचा. विजयदुर्गाला सगळे परत पडावात बसले, आगबोटीचा भोंगा वाजला, तरी आमचे हे तटावर पाठमोरे, समुद्र बघत उभे!

उखाण्याशिवाय मी ह्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं. ओरडले, "अहो!" पडावातल्या सगळ्या नवऱ्यांनी माना वळवल्या. माझा ढिम्म.

गाइड म्हणाला, "वयनी, नावान हाक मारा, नायतर हयच रवतले."

हे इथेच राहतील या धास्तीनं डोळे गच्च मिटून मी ओरडले, "माधव!" खारं वारं तोंडात शिरलं. हे धावत खाली आले. बायका हसल्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज मात्र दोरी हातात धरून मी एकटीच हसत होते.

घरी येऊन ह्यांना विचारलं, "तेव्हा 'अहो' ऐकू आलं नव्हतं?"

पेपरातून डोकं न काढता हे म्हणाले, "आलं होतं की."