वॉशिंग मशीनच्या पुस्तिकेत ‘पाणी’ सापडलं नाही

सुलभाताईंना खोटारडं ठरवायला आमच्या ऑफिसला एक सर्च पुरला.

काल त्या गेल्या. गाझियाबादच्या घरी, झोपेत.

मी काही लिहिणार नव्हते. पण सकाळी त्यांच्या मुलाच्या, निखिलच्या पोस्टखाली आमच्या जुन्या मॅनेजरसाहेबांची कमेंट वाचली. ‘थरो प्रोफेशनल. शी वॉज फॅमिली टू अस.’ पुढे जोडलेले हात.

तर आता फॅमिलीत काय झालं ते सांगते.

तेव्हा आमचं ऑफिस नोएडात होतं. वॉशिंग मशीन, मिक्सर, मोबाइल, रोज काहीतरी नवं बाजारात यायचं आणि त्याची माहितीपुस्तिका भाषांतराला आमच्याकडे. मराठी सुलभाताईंकडे. मी त्यांच्या हाताखाली, नुकतीच कॉलेज संपवलेली, दिल्लीत वाढलेली.

“अनू, ‘पाणी निघून जाऊ द्या’? पाणी काय पाहुणा आहे?”

“मग काय लिहू, ताई?”

“मला विचारू नकोस. आधी फाइलींमध्ये शोध. मी कुठेतरी लिहिलं असेल.”

मी एक शब्द टाइप करायचे. त्यांच्या सगळ्या जुन्या फाइली धुंडाळल्या जायच्या आणि त्यांचं वाक्य समोर यायचं. ‘कपडे निथळू द्या.’

माझं निम्मं मराठी मी त्या सर्चमधून शिकले.

मग ऑफिस गुडगावला गेलं. काचेची इमारत, नवे कॉम्प्युटर, नवे मॅनेजर, म्हणजे हेच कमेंटवाले साहेब. जुनी मशीनं नोएडातच भंगारात दिली. त्यांच्याबरोबर आमचा मराठी फॉन्टही गेला.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी: त्या काळच्या फाइलींत मराठी फक्त वरून दिसायचं. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असायची. फॉन्ट असला की मराठी, नसला की नुसता कचरा. आणि नव्या पद्धतीने टाइप केलेला मराठी शब्द त्यात कधीच सापडायचा नाही.

साहेबांनी त्यांच्या नव्या लॅपटॉपवर सर्चमध्ये टाइप केलं, ‘पाणी’.

एकही फाइल आली नाही.

सगळ्यांना मीटिंग रूममध्ये बोलावलं. वॉशिंग मशीनची नवी पुस्तिका होती, ताईंनी नोएडातच लिहून संपवलेली, अजून छापायला जायची होती.

“मॅडम, वॉशिंग मशीन की किताब है और पानी ही नहीं है?”

कोणीतरी हसलं.

“सर, फॉन्ट डालना पड़ेगा. सीडी मेरे घर पर है, कल ले आती हूँ.”

“फॉन्ट का बहाना रहने दीजिए. ये देखिए. कीबोर्ड पर हाथ फेर दिया है, पन्ने भरने के लिए.”

“पुरानी छपी हुई किताबें तो देख लीजिए.”

“वो किसने लिखीं, मुझे क्या पता. मेरे सामने तो ये है.”

मी उभी राहिले. म्हटलं, “सर, मैंने पूरा पढ़ा है. सब लिखा हुआ है.”

“आप ट्रेनी हैं ना? बैठिए.”

दुसऱ्या दिवशी ताई सीडी घेऊन आल्या. गाझियाबादहून, बस बदलत बदलत. त्यांचं कार्ड गेटवर चाललं नाही. गार्डने कार्ड काढून घेतलं. सीडी कोणी घेतली नाही.

काही आठवड्यांनी क्लायंटने घाई केली. कोणीतरी नोएडाच्या एका ओळखीच्या ऑपरेटरकडून तोच फॉन्ट आणला. टाकला. अख्खी पुस्तिका उघडली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं जागच्या जागी. पाणी तर जवळजवळ प्रत्येक पानावर.

साहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते. म्हणाले, “अच्छा, तो ठीक ही था. चलो, भेज दो.”

“सर, सुलभा मॅडम को फोन कर दें?”

“अब क्या फायदा, यार. बात बढ़ेगी.”

पुस्तिका तशीच छापली गेली. ताईंची.

त्या संध्याकाळी मी फोन केला. “ताई, सगळं उघडलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही.”

“ते मला माहीत आहे गं, मीच लिहिलंय. ते काय म्हणाले?”

“ठीक था म्हणाले.”

“मला कळवायला सांगितलं?”

“नाही.”

“मग राहू दे.”

त्यांनी पुन्हा ऑफिसात नोकरी केली नाही. इंटरव्ह्यूत विचारायचे, वहाँ से क्यों छोड़ा. ताई जे झालं ते खरं सांगायच्या. समोरचा मान डोलवायचा आणि पुढे फोन यायचा नाही.

पण आमचे फोन चालू राहिले. माझं लग्न, माझी मुलगी, तिचं माझ्याहूनही भयंकर मराठी. सगळं बोलून झालं की ताई अगदी सहज विचारायच्या, “तुझ्या त्या साहेबांचं काही?” गेल्या दिवाळीतही विचारलं.

एक फोन, साहेब. तुमच्याकडे नंबर होता.

सर्चने तुम्हाला इतकंच सांगितलं होतं, की ‘तुम्ही टाइप केलेलं मला मिळालं नाही.’ बाईने काम केलंच नाही, हे तुमचं. पन्ने भरने के लिए, हेही तुमचं. आणि सगळं समोर उघडल्यावर गप्प राहणं, तेही तुमचंच.

तुम्ही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात, हे वाचाल. मराठी कळलं नाही तर खाली भाषांतराचं बटण आहे.

निखिल, काल घाटावर तू विचारलंस, “मावशी, त्या ऑफिसचं नाव काढलं की आई उठून आत का जायची?” तेव्हा लोक होते, मला बोलता आलं नाही. तुझ्या आईवर काम न करता नुसती पानं भरल्याचा आळ घेतला होता. तो खोटा होता. ज्यांनी घेतला त्यांना तो खोटा आहे हे वीसेक वर्षं माहीत होतं.

सुलभाताई, हे त्यांनी म्हणायला हवं होतं, आणि तुम्ही असताना. माझ्याकडून ऐकायला तुम्ही थांबला नव्हता, हे मला ठाऊक आहे. तरी सगळ्यांसमोर म्हणते. काम पूर्ण होतं आणि ते तुमचं होतं.

नमस्कार करते, ताई.