भाऊंच्या वहीतले मजले

माझा धंदा घरं दाखवायचा. विरार पूर्वेला, फुलपाड्यात, पिठाच्या गिरणीला लागून माझं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, चार खुर्च्या आणि भिंतीवर किल्ल्यांचा बोर्ड. लोक तोंडावर मला मॅडम म्हणतात आणि माघारी तोंडाळ म्हणतात. दोन्ही खरं आहे. दिवसभर लोकांना जिने चढवायचे, त्यांची बोलणी ऐकायची, आणि वर गोड बोलायचं, हे माझ्याच्याने होत नाही.

हा धंदा मला भाऊंनी शिकवला. भाऊ इथून जवळच्या चांदीप गावचे, घरची भातशेती असलेले. फुलपाड्यात बिल्डिंगा उभ्या राहायला लागल्या तेव्हा त्यांनी इथे एजंटचं दुकान टाकलं, आणि नवऱ्याची नोकरी गेली त्या वर्षी मला हाताखाली घेतलं. त्यांच्याकडे एक लांबट, लाल कापडाच्या पुठ्ठ्याची वही होती. एका घराला एक ओळ. मालक कोण, मजला कितवा, पाणी किती वाजता येतं, शेजारी भांडकुदळ आहेत का, सगळं त्या एका ओळीत. जेवायला गेले तरी वही काखेत. मी एकदा म्हटलं, "भाऊ, वही ठेवा की इथे, मी आहे ना." तर म्हणाले, "तू आहेस म्हनून तर नेतो, बाय," आणि खदाखदा हसले. मला तेव्हा त्याचा राग आला नव्हता.

तेव्हा प्रत्येक एजंटाची अशी आपापली वही असायची आणि कुणी कुणाला दाखवायचा नाही. घर घेणाऱ्याचे हाल कुत्रा खात नसे. तो बिचारा दहा दुकानांच्या पायऱ्या चढायचा आणि एकच घर त्याला तीन एजंट तीन भावांनी दाखवायचे. नालासोपाऱ्यात एका जोडप्याला एकाच दिवशी एकच वन आरके तिसऱ्यांदा दाखवलं गेलं. तिसऱ्या खेपेला दाखवणारी मीच होते. मी दार उघडून आत पाऊल टाकते तोच त्या बाई मला म्हणाल्या, "ताई, मोरीच्या भिंतीला ओल आहे, ती आधी बघून घ्या." मी गपचूप ओल बघितली.

तीन वर्षांनी मी भाऊंना सोडलं. त्यांच्यापासून चार दुकानं पलीकडे माझं स्वतःचं टाकलं. इथपर्यंत काही वाईट नव्हतं. पण सुरुवातीला माझ्याकडे विकायला एक घर नव्हतं, आणि भाऊंच्या वहीतल्या ओळी मात्र मला तोंडपाठ होत्या. त्यातल्या दोन मालकांना मी परस्पर फोन केला आणि दोन्ही घरं विकली. भाऊ भांडायला आले असते तर मीही चार शब्द सुनावले असते, तयारीच होती माझी. पण ते आलेच नाहीत. त्यांनी फक्त माझ्याशी बोलणं सोडलं. एकाच गल्लीत आठ वर्षं आम्ही एकमेकांसमोरून मान वळवून जात होतो. मी केलं ते चुकलं होतं, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. पण जाऊन तसं सांगणं जिवावर यायचं, आणि जितके दिवस गेले तितकं जास्तच यायला लागलं.

मग वह्या गेल्या, फोनवरचे ग्रुप आले. त्या ग्रुपांत घरं कमी आणि गुड मॉर्निंगची गुलाबाची फुलं जास्त. शेवटी आम्ही इथल्या पाच-पन्नास एजंटांनी मिळून फोनवरच एक सामाईक यादी काढली. प्रत्येकाने आपल्याकडची घरं त्यात टाकायची, ती सगळ्यांना दिसणार. घर एकाचं, गिऱ्हाईक दुसऱ्याचं असेल तर दोघांनी आपापल्या पार्टीकडून दलाली घ्यायची, एकमेकांच्या ताटात हात घालायचा नाही. त्या यादीसाठी मी घसा कोरडा होईस्तोवर बोलले आहे. मिटिंगमध्ये एकाने खोचकपणे विचारलंही, "मॅडम, हे तुम्ही सांगताय?" मी म्हटलं, "हो, मीच सांगतेय. मीच सांगायला पाहिजे."

भाऊ सगळ्यांत शेवटी आले. त्यांच्या सुनेने त्यांची लाल वही समोर ठेवून एकेक ओळ यादीत चढवली. रविवारी दुपारी माझ्या फोनवर त्यांची घरं एकामागोमाग दिसायला लागली तेव्हा मी जेवता जेवता थांबले. ज्या वहीसाठी मी एका माणसाला मुकले होते ती आता कुणालाही बोटाच्या टोकाने बघता येत होती.

आता माझ्या आईचं सांगते. आई फुलपाड्यातच राहते, एकटी, चौथ्या मजल्यावर. तळमजला आणि वर चार मजले, लिफ्ट नाही, तेव्हाच्या सगळ्याच बिल्डिंगा तशा. बाबांनी चौथा मजला घेतला तो वारा लागतो म्हणून. बाबा गेले आणि मग आईचे गुडघे गेले. अडीच वर्षांत ती दोनदा खाली उतरली होती, दोन्ही वेळा डॉक्टरकडे जायला. जी बाई अर्नाळ्याच्या कोळणीशी बोंबलाच्या वाट्यावरून अर्धा तास वाद घालायची तिला मासळी कुणीतरी आणून देईल ती खावी लागत होती. मी विरार पश्चिमेला लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये राहते. माझ्याकडे ये म्हटलं की म्हणायची, "तुझ्या घरी पाहुणी म्हणून येईन. राहायला नाही." आणि फुलपाडा सोडायचा नाही, कारण मैत्रिणी इथे. तळमजला हवा, फुलपाड्यातच हवा, आणि चौथा विकून परवडेल असा हवा. "तू जगाला घरं दाखवतेस ना?" म्हणायची. फुलपाड्यात तळमजल्याचं घर विकायला निघालं की संध्याकाळपर्यंत त्याचं क्लिनिक नाहीतर क्लास होतो. मी सात महिने रोज सकाळी यादीत 'फुलपाडा, तळमजला' शोधत होते.

गेल्या महिन्यात एका सकाळी ते दिसलं. दोन गल्ल्या सोडून, वन बीएचके, तळमजला, कागदपत्रं पूर्ण, घर रिकामं, किल्ली वॉचमनकडे. आणि खाली एजंटचं नाव भाऊंचं.

माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला उभा सोलला असता, इतका गाढवपणा मी त्या सकाळी केला. घर आधी आपण बघायचं, मग पार्टीला न्यायचं, हे मला भाऊंनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. निदान भाऊंना एक फोन करायचा. दुसऱ्या कुठल्याही एजंटने तो केला असता. मला करवेना. आठ वर्षांनंतर पहिला शब्द बोलायचा तो गरज पडली म्हणून, ही कल्पनाच नको वाटली. मी त्यांच्या सुनेला मेसेज टाकला, तिने 'चालेल, जाऊन बघा' असं उत्तर दिलं, आणि दुपारपर्यंत दुसरा कुणी घेऊन जाईल या भीतीने मी थेट आईला घ्यायला गेले.

शेजारच्या दोघांनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चार मजले खाली आणलं. प्रत्येक मजल्यावर दारं उघडली. आईने ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती आणि प्रत्येक दाराशी "घर बघायला चाललेय, तळमजला आहे" असं सांगत होती. मला इतकं बरं वाटत होतं की मी रिक्षावाल्याशी भाड्यावरून वादही घातला नाही.

वॉचमनने किल्ली दिली आणि म्हणाला, "मॅडम, चौथ्यावर आहे. उजवीकडचं."

मी त्याला म्हटलं तुझी चूक होतेय. तो म्हणाला इथे तळमजल्यावर सगळीकडे माणसं राहतात, बंद घर एकच, चौथ्यावरचं. मी तरातरा चार मजले चढून गेले आणि किल्ली लागली. रिकाम्या घरात उभं राहून मला रडू फुटलं, रागाने म्हणा, नाहीतर कशानेही. खाली आले तर आई वॉचमनच्या स्टुलावर बसलेली. माझ्याकडे बघितलं आणि तिला समजलं. "असू दे," म्हणाली. "तेवढंच बाहेर पडणं झालं." ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मग मात्र माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि आठ वर्षांचा अबोला मी एका दमात मोडला. फोन लावला आणि भाऊंनी उचलताच सुरू झाले. म्हातारपणी यादीत खोटं लिहिता, लोकांचे आई-बाप चार मजले उतरवून आणायचे आणि तुम्ही... काय काय बोलले ते मी इथे लिहिणार नाही. पलीकडून एवढंच आलं, "कोन, तुझी आई? तितंच थांब."

दहा मिनिटांत स्कूटरवरून आले. केस पार पांढरे झाले होते. आईला नमस्कार केला आणि मला म्हणाले, "तू फोन का नाय केलास, बाय? जो फोन करतो त्याला मी खरा मजला सांगतो."

"म्हणजे यादीत खोटा लिहिता?"

"मग? सगळ्यांना दिसनाऱ्या यादीत खरा मजला कोन लिवेल? कुनीपन उठून मालकाच्या दारात जाईल." आणि मग जमिनीकडे बघत म्हणाले, "माझ्या वहीत मजले उलटेच लिवलेत. तळाचा चौथा, चौथ्याचा तळ. पैल्याचा तिसरा. दुसरा तेवढा दुसराच. तू गेलीस ना, त्या महिन्यापासून. सुनेलापन ठाव नाय."

पुन्हा कुणी वही पाठ करून गेलं तर त्याच्या हाती खोटंच लागावं म्हणून केलं, असं ते म्हणाले नाहीत. म्हणायची गरजच नव्हती.

आई दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "हिने काय केलं होतं तुमचं?" तिने विचारलं.

"काय नाय हो वहिनी," भाऊ पटकन म्हणाले. "धंद्यातली गंमत."

ते मला झाकत होते, ते बघून मला राहवलं नाही. त्या वॉचमनच्या देखत मी आईला सगळं सांगितलं. दोन मालक, दोन फोन, सगळं. भाऊ स्कूटरच्या आरशावरची धूळ पुसत राहिले.

आणि ते सांगत असतानाच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी फोन काढला. भाऊंच्या नावावर यादीत एक घर पहिल्या दिवसापासून पडून होतं: फुलपाडा, आईच्या मागची गल्ली, चौथा मजला. रोज ते माझ्या बोटाखालून वर सरकत होतं. माझ्याच आईला चौथ्यावरून उतरवायचं असताना चौथ्याकडे मी ढुंकून तरी का बघावं? आणि माझ्यासारखंच दुसऱ्या कुणी बघितलं नव्हतं, विचारलं नव्हतं. खरा मजला लिहिला असता तर ते पहिल्या संध्याकाळी गेलं असतं.

"भाऊ, हे?"

भाऊंनी डोळे बारीक करून बघितलं. "तळ आहे," म्हणाले. "पुढे दोन पायऱ्या, बस."

किल्ली त्यांच्याच दुकानात होती. मालक कुवेतला. भाऊंनी तिथूनच त्याला फोन लावला आणि चांदीपच्या आपल्या भाषेत काय सांगितलं कोण जाणे, पाच मिनिटांनी म्हणाले, व्यवहार होईपर्यंत वहिनी भाड्याने राहू शकतात, आजपासून. अशी सोय आमच्या यादीत कुठेच लिहिता येत नाही, हे मी कबूल करते.

वाटेत दुकानातून किल्ली घेऊन आम्ही आईला रिक्षाने त्या गल्लीत आणलं, आणि भाऊंनी दार उघडलं. आत धूळ होती, जाळी होती, खिडकीला एक जुना फाटका पडदा. भाऊंनी किल्ली माझ्यापुढे धरली. मी हात पुढे केला तर आई म्हणाली, "थांब. आधी त्यांच्या पाया पड, मग किल्ली घे."

मी वाकले. भाऊंनी पाय मागे घेतले आणि मग तसेच ठेवले. "पुरे, बाय," म्हणाले. "आता माझे मजले सरळ करून दे फोनात."

आई त्या दोन पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढली, कुणाचाही हात न धरता. खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन बसली, पडदा सारला आणि रस्त्याकडे बघायला लागली. मग म्हणाली, "वरून नुसती डोकी दिसायची गं. अडीच वर्षांत एकाचं तोंड दिसलं नाही." मी तिच्या शेजारी धुळीतच बसले आणि भाऊंचं एकेक घर त्याच्या खऱ्या मजल्यावर लिहीत गेले. भाऊ सांगत होते, मी लिहीत होते. संध्याकाळी मी आईला तिच्या चौथ्यावर परत न्यायला खुर्ची मागवू लागले, तर तिने मला गप्प बसवलं आणि अंथरूण तेवढं खाली मागवून घेतलं.