धाकट्याच्या खोलीची ऊब

झूराकान आपांच्या घरचा बॉयलर मीच बसवला होता, त्यांचे यजमान तुर्दाकून जिवंत असताना. तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. मग तुर्दाकून गेले, थोरल्या दोघा मुलांनी बिश्केकला संसार थाटले आणि धाकटा उलारबेक ट्रक चालवायला रशियात गेला. आमच्या किर्गिझ डोंगरांतल्या नारिनच्या हिवाळ्यात, त्या एवढ्या मोठ्या घरात आपा एकट्या उरल्या.

यंदा त्यांचा निरोप आला, बॉयलर बिघडलाय म्हणून. गेलो तर आपा स्वयंपाकघरात कोट घालून, डोक्याला शाल गुंडाळून खोकत बसलेल्या. बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

“तुझा बॉयलर म्हातारा झाला, मुकाश. राक्षसासारखा कोळसा खातो आणि ऊब काही देत नाही.”

“माझ्या बॉयलरला नावं ठेवू नका, आपा. आधी बघू तरी द्या.”

भट्टीत निखारे लालबुंद होते. धुराडं साफ होतं. पंपाला हात लावला, तो गुरगुरत होता. माळ्यावर चढून पाण्याची टाकी पाहिली, ती काठोकाठ भरलेली. पाइपात हवा अडकली असेल म्हणून रेडिएटरची किल्ली फिरवली, तर लगेच पाणी आलं. बॉयलरमधून निघणारा पाइप हाताला चटका देत होता, आणि चार पावलांवरचा रेडिएटर मात्र गार. मग ऊब जाते कुठे?

आमचं काम डोळ्यांपेक्षा हातानेच जास्त चालतं. मी पाइपावर हात ठेवून खोल्यांमागून खोल्या हिंडू लागलो. सगळ्या रेडिएटरांचे कॉक आवळलेले, नावाला उघडे ठेवलेले. शेवटच्या खोलीचं दार बंद होतं.

“तिकडे जाऊ नकोस,” आपा घाईने म्हणाल्या. “तिथलं सगळं ठीक आहे.”

मग तर मला जायलाच हवं होतं. दार उघडलं आणि तोंडावर गरम हवा आली. दारासमोरच्या भिंतीशी, रेडिएटरला लागून, मानाच्या जागेवर नवी कोरी गादी अंथरलेली. उशीला इस्त्रीचा अभ्रा. आत कोणी नव्हतं.

“बाकीचे कॉक तुम्ही आवळलेत?”

“मग काय करू? पाणी आधी जवळच्या खोल्यांत शिरतं, शेवटच्या खोलीपर्यंत कोमट पोचतं. तूच सांगितलं होतंस.”

सांगितलं होतं खरं.

“उलारबेक येणार कधी?”

“बर्फ वितळलं की येतो म्हणालाय.”

“गेल्या वर्षीही तेच म्हणाला होता. आणि आत्तापासून खोली कशाला तापवायची?”

“गार खोलीत कोणी परत येतं का रे?”

मला राग आला, बराचसा उलारबेकचा. आमच्याकडे आईबापांचं घर धाकट्याचं. त्याची खोली गार पडू देणं म्हणजे या घराची चूल विझली असं गावाला सांगणं. हे मलाही कळतं, पण खोकल्याला कळत नाही. असंच चाललं तर म्हातारी वसंत बघणार नाही, हे स्पष्ट दिसत होतं. मी त्या खोलीच्या कॉककडे पाना नेला तशा आपा मध्येच उभ्या राहिल्या.

“हात लावलास तर चहासुद्धा देणार नाही तुला.”

आमच्याकडे याहून मोठी धमकी नाही. मी पाना खाली ठेवला.

“आपा, म्हातारपणी आई कोणाकडे राहते?”

“धाकट्याकडे. हे काय विचारणं झालं?”

“मग राहा ना धाकट्याकडे. स्वयंपाकघरात पाहुण्यासारख्या काय पडून राहता?”

 आपा हसल्या. “लहानपणापासून लबाडच आहेस तू,” म्हणाल्या, आणि शालीचं टोक डोळ्यांना लावलं. त्यांचं अंथरूण मीच उचलून त्या खोलीत नेऊन ठेवलं. ते फार हलकं होतं.

आठवड्याने पंप बघायचं निमित्त करून परत गेलो. खोकला पुष्कळ उतरला होता. या वेळी चहा त्या खोलीतच मिळाला. मी खूश होऊन इकडेतिकडे बघितलं आणि पेला खाली ठेवला. रेडिएटरजवळची नवी गादी तशीच होती, तिच्यावर एक सुरकुती नव्हती. आपांचं अंथरूण होतं पार उंबऱ्याशी, दाराच्या फटीसमोर, जिथे आमच्याकडे सगळ्यात कमी मानाची, घरात नवी आलेली सून बसते.

“अहो, तिकडे उबेला झोपायचं सोडून इथे कशाला?”

“ती घरमालकाची जागा आहे,” आपा माझा पेला भरत म्हणाल्या. “मी त्याच्याकडे राहायला आलेय ना.”

 दाराखालून गार वारा येत होता. मी कोळशाचं एक रिकामं पोतं दुमडून त्या फटीत घट्ट बसवलं आणि उरलेला चहा प्यायलो.