मेल्यावर बोलणारे कुठे ठेवायचे?

आत्याच्या दुकानात कपडे मापाने लावलेले नव्हते, रंगानेही नव्हते. ते मरणाने लावलेले होते.

नाटकांना पोशाख भाड्याने द्यायचा तिचा धंदा, आणि तीस वर्षांचा नियम असा: पहिल्या अंकात मरणारे दाराजवळ, कारण ते लवकर मोकळे होतात. दुसऱ्या अंकातले मधल्या रांगेत. शेवटपर्यंत जगणारे मागे. मेल्यावरही बोलणारे, म्हणजे भुतं, माळ्यावर. आणि राजा व त्याचा खुनी कधीही एका दांडीवर नाहीत.

"भांडतात मेले," आत्या सांगायची. "एकदा शेजारी टांगले, तर सकाळी राजाची तीन बटणं तुटलेली!"

हा हिशेब फक्त तिच्या डोक्यात. मध्यंतरी पाय मोडून ती पंधरा दिवस अंथरुणाला खिळली, तेव्हा तीन मंडळ्या हात हलवत परत गेल्या. धाकट्या भावाला आयतंच निमित्त मिळालं. तो फरशांचा व्यापारी, आणि दुकानाची खोली दोघांच्या नावावर.

"ताई, तुझ्याशिवाय इथे कुणाला साधी टोपी सापडत नाही. हे दुकान नाही, कोडं आहे."

"मग तू सोडवू नकोस."

"वेबसाइट कर. सोमवारी मी येतो. तुला एक अक्षर न विचारता तिच्यावरून एक वस्तू शोधून बघतो. सापडली तर दुकान तुझं. नाही सापडली, तर मंगळवारपासून इथे माझ्या फरशा."

त्याचीच मुलगी वेबसाइटी बनवायची. ती लॅपटॉप घेऊन आत्याच्या बाजूने उतरली आणि पोशाखांच्या ट्रंकेवर मांडी ठोकून बसली.

"हे बघ आत्या, वेबसाइटला अंगचा मेनू असतो. वर चार-पाच नावं, त्यांच्या पोटात आणखी नावं. मुकुट, दाढ्या, प्राणी, पोशाख. संपलं."

"आणि प्राणी मरतो की नाही, ते?"

"ते कशाला?"

"शाब्बास! मरणारं अस्वल आणि नाचणारं अस्वल एकच का गं? मरणाऱ्याच्या पोटात कापूस असतो, पडताना लागू नये म्हणून. आणि मला चित्रं हवीत. शिवाय राजा दिसला की खुनी लपला पाहिजे."

"त्याला प्लगइन लागेल. म्हणजे वरून बसवायचं."

"दाढीसारखं?"

"अगदी दाढीसारखं. आणि दाढीसारखंच ऐन वेळी सुटतं."

"मी चिकटवलेली दाढी आजवर सुटलेली नाही," आत्या म्हणाली. विषय संपला.

पहिल्या प्लगइनने मेनूला पाच रकाने फोडले. दुसऱ्याने चित्रं आणली. तिसरं, राजा दिसला की खुन्याला लपवायचं. असलंही प्लगइन कुणीतरी करून ठेवलं होतं. चौथं, पहिल्याची आणि तिसऱ्याची समजूत घालायला. शनिवारपर्यंत नऊ झाली. मेनू उघडला की पान दिसेना. फोनवर तर त्याने बंद करायची फुलीसुद्धा गिळली.

"नाकापेक्षा मोती जड झालाय, आत्या."

"मोती बघ की केवढा आहे!"

रविवारी नऊपैकी दोन प्लगइनचं अपडेट आलं आणि भुतं माळ्यावरून थेट पहिल्या अंकात उतरली. पान खाली सरकवलं, तर 'मेल्यावर बोलणारे' ही पाटी मागोमाग खाली. वर नेलं, तर वर.

"ही पाठच सोडत नाहीत गं!" भाची रडकुंडीला आली.

"भुतं आहेत ती," आत्या म्हणाली.

तेवढ्यात दुकानाचा फोन वाजला. एका नाटकमंडळीचा दिग्दर्शक होता.

"बाई, मला अस्वल हवं होतं. अर्धा तास झाला, मी मेनूत आहे. आता अस्वल राहू द्या. बाहेर कसं पडायचं, तेवढं सांगा."

फोन ठेवून आत्या समोरच्या दाढ्यांच्या खुंट्यांकडे पाहत बसली. मग म्हणाली, "स्वतःची दाढी असलेला नट आला, तर आपण त्याला डिंक लावतो का?"

"नाही."

"उतरव सगळं."

"नऊच्या नऊ? आणि मग मरण?"

"मरण राहू दे माझ्यापाशी. लोकांना मुकुट, दाढी, अस्वल एवढंच कळतं. तेवढंच ठेव. आणि प्रत्येकापुढे रांग लिही. दांडी लिही. मी नसले तरी सापडलं पाहिजे."

सोमवारी भाऊ हातात मोजपट्टी घेऊनच आला. खिशातून फोन काढला. आत्याने तोंडावर पदर धरला, कारण गप्प बसायची सवय तिला नव्हती.

"प्राणी," भाऊ पुटपुटला. टिचकी. "अस्वल." टिचकी. "मधली रांग, डावीकडून चौथी दांडी."

तो आत गेला. खुडबुड, एक शिंक, आणि मग अस्वलच बाहेर आलं. त्याने पोशाख अंगावर चढवला होता, डोक्यासकट.

"सापडलं," अस्वल म्हणालं. "दुकान तुझं."

आत्याने पदर सोडला आणि ट्रंकेवर धपकन बसली.

अस्वल मात्र तिथेच उभं राहून आपलं पोट चाचपत होतं. "ताई, हे एवढं मऊ का गं?"

"हे मरतं."

"आणि दुसरं आहे?"

"आहे की. नाचणारं. मागे."

"मग तसं लिहायला नको?" भाऊ डोकं काढून तावातावाने म्हणाला. "माणसाने नाचायला न्यायचं आणि नेमकं मरणारं घरी यायचं? ही काय वेबसाइट आहे?"

आत्या भाचीकडे पाहायला लागली. भाचीने लॅपटॉप पोटाशी घट्ट धरला.

"वरून काही बसणार नाही," तिने बजावलं. "अंगच्याच मेनूत, अस्वलाखाली आणखी एक पायरी. नाचणारं आणि मरणारं. बस्स."

दोन मिनिटांत पायरी लागली. भाऊ मोजपट्टी विसरून निघून गेला.

"एवढ्यात झालं?" आत्याने स्क्रीनकडे वाकून पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "मग राजांखाली पण एखादी..."

"आत्या!"