एकाच बाजूला झुकणारी चूक

वेधशाळेत सगळे तिला भिंगताई म्हणत. काचेवर घेतलेली आकाशाची जुनी छायाचित्रे उजेडाच्या मेजावर ठेवून, उजव्या डोळ्याला भिंग लावून, ती गोलाकार तारकागुच्छांची वर्गवारी करी. मध्याशी तारे अतिशय दाट असले तर वर्ग पहिला, अगदी विरळ असले तर बारावा. या कामाला सरावलेली नजर हेच एक माप होते. एकवीस वर्षांच्या नजरेतून उतरलेली तिची सूची सोमवारी छपाईला जायची होती.

छपाईपूर्वी जुना वर्ग झाकून काही काचा पुन्हा तपासण्याचा तिथे नियम होता. काचा सांभाळणाऱ्या अण्णांनी अगदी सुरुवातीच्या वर्षांतल्या तीस काचा काढल्या. पूर्वी चौथा दिलेल्या गुच्छाला तिने आता सहावा दिला, सातव्याला नववा.

"भिंगताई, तारे सांडताहेत की काय तुमच्या हातून?" अण्णा हसले.

तिला हसू आले नाही. माणसाची चूक कधी इकडे जाते, कधी तिकडे. ही तिसाच्या तीस वेळा विरळपणाकडेच गेली होती. तिने भिंग डाव्या डोळ्याला लावले. तोच गुच्छ मध्याशी घट्ट दिसला. उजव्याला मात्र मधोमध कुणी बोट फिरवून पुसल्यासारखे.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. उजव्या डोळ्याचा मध्य गेला होता. डावाही जाणार होता, कधी ते सांगता येत नव्हते.

तिने त्याच दुपारी प्रमुखांना सांगितले.

"कधीपासून हे, बाई?"

"तेच ठाऊक नाही, सर. डाव्या डोळ्याने अलीकडून मागे तपासत जाते. जिथे जुन्या वर्गाशी जुळेल, तिथून मागची वर्षं खरी धरू."

छपाई थांबली. अण्णा उलट्या क्रमाने पेट्या आणू लागले. अलीकडच्या काचांत दोन-दोन वर्गांचा फरक निघाला. तिसऱ्या आठवड्यात, सहा वर्षांपूर्वीच्या पेटीत, दहाही काचा जुळल्या.

"सुटलात की हो बाई!" अण्णांनी टाळी वाजवली.

तिने भिंग खाली ठेवले. जुळण्याची कारणे दोन असू शकत होती: सहा वर्षांपूर्वी उजवा डोळा शाबूत असेल, किंवा आज डावाही त्याच्याच वाटेने गेला असेल.

"या फेरतपासणीच्या पहिल्या दिवशी पाहिलेली एखादी काच आणा. कोणती, ते मला सांगू नका."

तिने बराच वेळ पाहिले. "सातवा."

अण्णांनी त्या दिवशीच्या नोंदीची चिठ्ठी पाहिली. "तेव्हा याच डोळ्याने पाचवा दिला होतात, बाई."

"मग सरांना बोलवा," ती म्हणाली. "कुठली वर्षं खरी, हे मला आता सांगता येणार नाही."