तळचा धान कोण पाहते?

मित्रहो, आज ब्रह्मपुरीत आमच्या वाचनालयाच्या बैठकीत रेश्माले कामावर घ्यायचं ठरत होतं. रेश्मा ट्रान्सजेंडर आहे.

समितीतले एक धानाचे व्यापारी मोबाईलवरची बातमी दाखवून म्हणाले, "संशोधन सांगते, असे लोक कामावर टिकत नाई."

रेश्मा समोरच बसली होती. म्हणाली, "भाऊ, धान घेताना तुम्ही पोत्यात हात घालून तळचा पाहता. मंग हे वरच्या दोन ओळींवर काऊन घेतलं?"

मी मूळ अहवाल उघडला. शेवटी संशोधकांनीच लिहिलं होतं, मोजकीच माणसं तपासली, निष्कर्ष सगळ्यांले लावू नका. रेश्मा सोमवारपासून रुजू.

पण तिच्या बाजूचं जे संशोधन मी काल इथं टाकलं, त्याचं मीही फक्त शीर्षक वाचलं होतं. आता पूर्ण वाचून राह्यलो. तुम्ही त्याले भरभरून लाइक दिले. वाचलं होतं का कोणी?